सोन्याचं विरजण

“पिवळा झाला! आरं, पिवळा झाला!”

आमच्या गावात एवढा गलका त्याआधी एकदाच झाला होता, विजेचे दिवे आले तेव्हा. त्यात निदान दिवे तरी लागले होते.

साल एकाहत्तर. आमचं गाव पुणतांब्यापासून दोन मैलांवर, गोदावरीच्या काठी. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणजे शिकवायचा प्रयत्न करायचो. त्या दिवशी वर्गात एकही पोर नव्हतं. शोधत घाटावर गेलो, तर पोरंच काय, पोरांचे आईबाप, आजे, आज्या सगळे तिथेच. महादेवाच्या देवळापुढे धुनी पेटलेली. धुनीमागे सुवर्णगिरी महाराज. महाराजांच्या हातात चिमटा आणि चिमट्यात आमचे सरपंच आप्पासाहेब यांचा जुना ढब्बू पैसा.

प्रकार असा होता. धुनीवरच्या लोखंडी कढईत ‘हिमालयाचं जल’ उकळत होतं. त्यात महाराजांनी करड्या विभूतीच्या चार चिमटी टाकल्या, आप्पासाहेबांचा तांब्याचा पैसा टाकला आणि अख्ख्या गावाला दहा मिनिटं मंत्र म्हणायला लावला. मग पैसा बाहेर काढला तो पांढराशुभ्र, थेट चांदीचा. पाण्यात बुचकळून निखाऱ्यावर धरला, तर बघता बघता पिवळाधमक.

“देखा बच्चा?” महाराज गरजले. “तांबा चांदी बना, चांदी सोना बनी! क्यों बनी?”

कोणी बोलेना. एरवी माझ्या वर्गातही असंच असतं.

“क्यों की तांबा मतलब कच्चा सोना! कैरी कच्ची तो हिरवी, पिकली तो पिवळी. तांबा कच्चा तो लाल, पिकला तो पिवळा. धरतीमाय के पेट में हजार साल में पकता है. हम अढी लगाके दस मिनट में पकाते है!”

सगळ्यांच्या माना डोलल्या. अढी घालणं आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

“म्हाराज, पर पैशापरीस मोठं सोनं करायचं आसंल तर?” साळूबाईने विचारलं. साळूबाई म्हणजे आमच्या गावची बातमी, एसटीच्या आधी बेलापूरला पोचणारी.

“माई, दूध का दही कैसे बनता है?”

“इरजण लावून.”

“बस! तांबे को भी विरजण मंगता है. सोने का विरजण!”

बायाबापड्यांनी एकदम ‘अगं बाई’ केलं. इतकी सोपी गोष्ट आजवर आपल्याला सुचली नाही, असं प्रत्येकीच्या तोंडावर लिहिलेलं. तेवढ्यात महाराजांना गरम चिमट्याचा चटका बसला आणि “आय आय गं, मेलो!” असं ते अगदी आमच्या तालुक्याच्या मराठीत ओरडले. माझ्याखेरीज ते कोणी मनावर घेतलं नाही.

मग विधी ठरला. ज्याने त्याने घरून नवं मडकं आणायचं. त्यात तांब्याची भांडीकुंडी ठेचून भरायची, वर विरजण म्हणून घरातला सोन्याचा डाग ठेवायचा. महाराज विभूती टाकणार, भगवं फडकं बांधून मातीने तोंड लिंपणार आणि मडकं घेऊन गोदावरीत सात बुड्या मारणार. मग मडकी देवळात मांडून ठेवायची आणि पाडव्याला उघडायची. आत नऊपट सोनं.

“मगर याद रखो,” महाराजांनी बोट उगारलं, “मुहूर्त से पहले मडका खोला, तो विरजण नासेगा. सोने के खडे हो जाएंगे, खडे!”

“अन् सोनाराकडं कसाला लावलं तर?” मी मागून ओरडलो.

“प्रसाद को कसोटी लगाता है? सात जनम कोढ होगा!”

गावाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच कोढी आहे. मला राग लवकर येतो हे सगळ्यांना माहीत आहे. मी चपला पायात घातल्या आणि तणतणत घरी आलो. घरी आल्यावर कळलं की त्यातली एक चप्पल माझी नव्हती.

तिसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या बनुबाईची मुक्ता घरी आली. डोळे लाल, पण रडून नव्हे, रागाने. बनुबाईचा नवरा शुगर फॅक्टरीत हंगामी कामाला, घरचं सगळं बनुबाईच बघायची. मुक्ता गेल्या साली मॅट्रिक झाली, माझ्या हाताखालून. नगरला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. पाडव्यानंतरच्या आठवड्यात हजर व्हायचं, वसतिगृहात राहायचं. त्याच्या खर्चाला बनुबाई स्वतःची बोरमाळ मोडणार होती. गावातली एक मुलगी नर्स होणार म्हणून माझी छाती माझ्याच शर्टात मावत नव्हती.

“गुरुजी, आईनं बोरमाळ मडक्यात घातली,” मुक्ता म्हणाली. “काल. बुड्या मारून झाल्या. मडकं देवळात आहे. पाडव्याला बाबा बोरमाळेसकट पसार झाला, तर मी काय गवऱ्या थापत बसू?”

मी तसाच बनुबाईकडे गेलो. ती जोंधळा पाखडत होती.

“बनुबाई, काय केलंत हे?”

“मास्तर, एकीच्या नऊ हुत्यात. येक मोडून मुक्तीचं नर्शिंग, दुसरीत ल्योकाचं शिक्षान. माझ्या गळ्यात बी ऱ्हाईल की येक.” सूप खाली ठेवून ती म्हणाली, “येकुलती येक बोरमाळ मोडताना जीव तुटत हुता वो माझा. म्हाराजांनी वाट दावली.”

हाव असती तर मी शिव्या घातल्या असत्या. ही हाव नव्हती. त्या बाईला मुलीला शिकवायचंही होतं आणि आईने दिलेली माळही गळ्यात हवी होती. मला त्या बुवाचा इतका संताप आला, की मी तिथून थेट देवळामागच्या धर्मशाळेकडे निघालो.

बुवा नदीवर होता. मागच्या बाजूला राखेच्या ढिगात मला काय दिसलं असेल? टॉर्चचे सेल. वीस-पंचवीस, सोललेले. वरचा कागद काढलेला, आतला काळा मसाला फेकून दिलेला आणि मधला पत्रा गायब. शेजारी एक कानस, तिच्या दातांत करडी चमकणारी भुकटी. जवळच एक रिकामा डबा. त्याच्या तळाशी राहिलेल्या पाण्यात मी बोट बुडवलं. साबणासारखं बुळबुळीत, आणि बोट चुरचुरायला लागलं. कॉस्टिक सोडा! घरी साबण करणाऱ्या बायका बाजारातून आणतात तोच.

मी तिथल्या तिथे उडी मारली. चाळिशीच्या माणसाने मारू नये अशी.

सेलचा पत्रा जस्ताचा असतो. जस्ताचा कीस कॉस्टिकच्या पाण्यात उकळून त्यात तांबं टाकलं, की तांब्यावर जस्ताचा पातळ थर बसतो. ती महाराजांची चांदी. तोच पैसा निखाऱ्यावर तापवला, की जस्त तांब्यात मुरतं. तांबं अधिक जस्त म्हणजे काय? पितळ! ते महाराजांचं सोनं. आप्पासाहेबांनी देव्हाऱ्यात ठेवून ज्याला रोज हळदकुंकू वाहिलं, ते त्यांच्या परसातल्या पितळी तांब्याच्या जातीचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दवंडी दिली: शाळेच्या ओट्यावर मास्तर सोनं करून दाखवणार. घरातले मेलेले सेल फोडले, कीस केला. कढई बायकोची.

“अहो, ती भजीची आहे,” सुनीती म्हणाली.

“विज्ञानासाठी त्याग करावा लागतो.”

“मग तुमच्या पितळी तपेल्याचा करा ना!”

कढई घेतलीच. गाव जमलं. सोनं म्हटल्यावर जमणारच. आधी मी खडू घेऊन फळ्यावर इतिहास सांगायला सुरुवात केली. चूक झाली, पण मास्तराचा हात खडूकडे जातोच.

म्हटलं, तांबं म्हणजे कच्चं सोनं ही कल्पना या बुवाची नव्हे. फार जुनी आहे. धातू जमिनीच्या पोटात वाढतात, पिकतात असं भल्याभल्यांना वाटायचं. सृष्टी कशाची बनली म्हणून ग्रीकांनी चार तत्त्वं मांडली, आपण पंचमहाभूतं मांडली, चिन्यांनीही पाचच मांडली, पण त्यांत लाकूड घातलं. चीनच्या काही बादशहांनी अमर व्हायला पाऱ्याच्या गोळ्या खाल्ल्या आणि वेळेआधीच गेले. अरब म्हणाले, गंधक आणि पारा यांच्या लग्नातून सगळे धातू जन्मतात. लग्न नीट जमलं तर सोनं, बिनसलं तर शिसं.

“मंग आमच्यात शिसंच झालं म्हनायचं,” साळूबाई नवऱ्याकडे बघून म्हणाली. सगळ्या व्याख्यानातलं तेवढंच गावाच्या लक्षात राहिलं.

“ही माणसं चुकली,” मी ओरडून सांगितलं, “पण हजार-दीड हजार वर्षं भट्टीपुढे स्वतःच्या भुवया जाळून चुकली. सोनं गुंजभर मिळालं नाही, पण त्या खटपटीत तेजाबं, म्हणजे आम्लं, सापडली, अर्क काढायच्या तऱ्हा सापडल्या. रसायनशास्त्र तिथूनच निघालं. हा बुवा मात्र दुसऱ्याच्या डागिन्यांवर शोध लावतोय!”

मग पैसा कढईत टाकला. पांढरा झाला. निखाऱ्यावर धरला. पिवळा झाला. मी विजयी मुद्रेने वळलो, “बघितलंत?”

मग आप्पासाहेबांनी टोपी काढली, पुढे आले आणि माझ्या पायावर सपशेल लोटांगण घातलं.

“मास्तर! येवढी सिद्धी आंगात, अन् आमाला आजवर पत्त्या न्हाई!”

“अहो, सिद्धी नाही! सेलचा पत्रा आहे!”

“मंतर बी न म्हनता केलं! म्हाराजांना धा मिन्टं मंतर लागतो. मास्तर म्हाराजांच्या वरचं हायेत!”

“अहो, ऐका—”

“आन् राग बघा कसा! दुर्वासाचा राग!”

दुपारपर्यंत आमच्या दारात रांग लागली. कोणाच्या हातात मडकं, कोणाच्या हातात नारळ. एकाने आजारी म्हैस आणली. मी जितका ओरडत होतो तितकी भक्ती वाढत होती. सुनीतीने दारात येऊन रांगेवर नजर टाकली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

“सिद्धपुरुष, आधी गिरणीतून दळण आणा.”

मी ओट्यावर डोकं धरून बसलो. खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं. एका बुवाचे दोन बुवा झाले होते, एवढंच माझ्या विज्ञानाने साधलं होतं. मनात आलं, आता झालोच आहे बुवा, तर हुकूम सोडावा, ‘सर्व मडकी मास्तर महाराजांकडे जमा करा!’ सगळे मुकाट आणतील. बोरमाळ वाचेल.

मी हे मुक्ताला बोललोही. ती म्हणाली, “वाचेल. आणि पुढच्या वर्षी तिसरा बाबा आला, की पुन्हा जाईल. गुरुजी, राग मानू नका, पण तुम्ही सांगता फार. तुम्ही केलंत म्हणून तुम्ही बुवा झालात. आता आईला करू द्या. साळूमावशीला करू द्या.”

मी चरफडलो, कारण पोरीचं बरोबर होतं.

संध्याकाळी बनुबाईच्या अंगणात मुक्ताने चूल मांडली. कॉस्टिकचं पाणी मी माझ्या हाताने ओतलं, डोळे सांभाळा म्हणून चारचारदा बजावलं आणि मुक्ताच्या हुकमाने तोंड बंद ठेवून बाजूला बसलो. बनुबाईने आपल्या हाताने सेल सोलला, पत्रा किसला, मुलांच्या खेळण्यातला भोकाचा पैसा कढईत टाकला.

“मंतर?” ती म्हणाली.

“काही म्हण. मळणीचं गाणं म्हण,” मुक्ता म्हणाली.

बनुबाईने काहीच म्हटलं नाही. पैसा पांढरा झाला. निखाऱ्यावर पिवळा झाला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग साळूबाईने केला, तिला घाईच झाली होती. साळूबाई पैसा टाकून सगळा वेळ सुनेला शिव्या देत होती, तरी पैसा पिवळा झालाच! तिसरी आली, चौथी आली. अंगणात बारा-पंधरा बायका आणि प्रत्येकीच्या हातात पिवळा पैसा.

“अगं बया,” साळूबाई म्हणाली, “मला सिद्धी आसंल तर गावात कुनाला बी आसंल.” हे तिने खऱ्या समजुतीने म्हटलं आणि सगळ्याजणी हसल्या. बुवावर गाव हसलं ते पहिल्यांदा.

बनुबाई हसली नाही. ती उठली, “माझं मडकं आनते,” म्हणाली आणि सकाळ व्हायची वाट बघत बसली. सकाळी देवळात तिच्यामागे सगळं गाव.

महाराज आडवे आले. “माई! पैसा छोटी किमया है. मडका बडी किमया है! पाडव्याला चार दिन बाकी. आज खोला तो खडे हो जाएंगे!”

गाव चुळबुळलं. आप्पासाहेब म्हणाले, “बनुबाई, चार दिसांनी काय बिघडतंय? उगा हातचं जायचं.”

बनुबाईने भिंतीजवळची वीट उचलली. बुवा खरा निघाला तर तिने स्वतःच्या हाताने नऊ बोरमाळा मातीत घातल्या असत्या. तिने मुक्ताकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि लिंपलेल्या मातीवर वीट मारली.

फडकं सुटलं. मडक्यातून खळाळा बाहेर पडले ते खडे. नदीतले, गोल, ओले. तांब्याचा तुकडा नाही, सोन्याचा मणी नाही.

“देखा!” महाराज नाचायलाच लागले. “बोला था! विरजण नासा! खडे हो गए!”

“खरंच की! म्हाराज बोलले तसंच झालं!” गावाने कपाळावर हात मारले. मी तर वेडा व्हायच्या बेतात. चोरी समोर सांडलेली आणि चोराचीच वाहवा! मुहूर्ताआधी उघडलं तर खडे, मुहूर्ताला उघडायला बुवा जागेवर नसणार.

बनुबाई मटकन खाली बसली. मुक्ताने तोंड फिरवलं. बनुबाईने रिकामं मडकं मांडीवर ओढलं. कशाला, ते तिलाही माहीत नसावं. आमच्याकडे बाई मडकं हातात घेते तेव्हा बोटं आपोआप त्यावर टिचकी मारतात. तिनेही मारली. थांबली. मडकं फिरवून पुन्हा मारली.

“हे माझं मडकं न्हाई.”

“माई, सोने के खडे हो गए तो—”

“सोन्याचं खडं झालं आसतील,” बनुबाई उठली, “पर मडकं कसं बदाललं? माझं टनटनीत वाजत हुतं. अकरा मडकी वाजवून घेतलंय म्या. हे बद्द वाजतंय. भिमाजीला बलवा!”

भिमाजी कुंभार गर्दीतच होता, त्याचीही सोन्याची अंगठी एका मडक्यात अडकली होती. त्याने मडकं उचललं, काठावर अंगठा फिरवला आणि तुच्छतेने नाक मुरडलं.

“माझ्या आव्याचं न्हाई. आसली कच्ची भाजनी मी मरून बी करनार न्हाई.” मग भिंतीशी मांडलेली मडकी तो एकेक बघत गेला. “ह्ये बी न्हाई. ह्ये बी न्हाई. आरं, ह्यातलं येक बी आपल्या गावचं न्हाई!”

आता मात्र गाव महाराजांकडे वळलं. कुंभाराचा शब्द आणि बाईच्या टिचकीचा आवाज, यांवर कोणाचा वाद नव्हता.

मला एकदम सात बुड्या आठवल्या. “नदीत!” मी ओरडलो. “घाटाच्या पायरीखाली बघा!”

महाराज सुटले. लंगोटीवर इतक्या वेगाने पळणारा साधू मी पुन्हा पाहिला नाही. पण त्याला पळता पळता मागे बघायची सवय होती आणि पुढे ती आजारी म्हैस बांधलेली होती. म्हशीने काही केलं नाही, नुसती उभी राहिली, आणि महाराज तिच्यावर आदळून लोकांच्या हाती लागले. ती पूर्ण बरी झाली होती, हेही लोकांनी नंतर माझ्याच नावावर जमा केलं.

तिकडे पोहणाऱ्यांनी बुड्या मारल्या. पाण्याखालच्या पायरीच्या पोकळीत भगव्या फडक्यांची मडकी रांगेने ठेवलेली, भिमाजीच्या आव्यात भाजलेली. बुवा एका मडक्यासह बुडी मारायचा आणि तसंच दिसणारं, खडे भरलेलं दुसरं घेऊन वर यायचा. पाडव्याच्या आदल्या दिवशी सगळी गोळा करून पसार. पोलीसपाटलासमोर त्याने सगळं कबूल केलं, शुद्ध मराठीत. पूर्वी कुठल्याशा प्रयोगशाळेत तो बाटल्या धुवायचा. जस्ताचा प्रयोग तिथेच बघितलेला. माझ्या वर्गातल्या एकाही पोराला तो इतका नीट आला नसता, याचं मला आजही वाईट वाटतं.

बनुबाईने बोरमाळ पदराला पुसली, गळ्यात घातली, विहिरीच्या पाण्यात एकदा तोंड बघून आली आणि काढून मुक्ताच्या हातात दिली. “जा मास्तरांसंगं. मोडून आन.” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

आप्पासाहेब खाली मान घालून म्हणाले, “बनुबाई, तुजी कमाल. आमी समदे फसलो, तुलाच कसं कळलं?”

“कुठं कळलं?” ती फणकारली. “मी बी फसलेच की. धा पैशाचं मडकं घेताना अकरा वाजवून बघितली, अन् म्हाराज मातर न वाजवताच घेतला!”

यापुढे मी काय सांगणार? तरी सांगतो, मास्तर आहे. जुन्या लोकांना तांबं कच्चं सोनं वाटलं, त्यांनी ते भट्टीत घालून बघितलं, चुकलं तेव्हा पुन्हा बघितलं आणि त्यातून आपल्याला शहाणपण आलं. तुम्हीही बघा. ‘आधी उघडू नका, कसाला लावू नका, विचारू नका’ असं जो सांगेल, त्याच्या हाती गुंजभर सोनं देऊ नका आणि पोरीचं शिक्षण तर मुळीच देऊ नका. भगव्यातला असो की शाळेच्या ओट्यावरचा, माणूस कोणीही असो, आधी वाजवून घ्या. मलासुद्धा.